बँक खात्यातील परस्पर वजावट आणि ती वेळीच थांबविण्याची रीत

पुण्याच्या दक्षिणेस, कात्रजच्या घाटाच्या पायथ्याशी असलेला तलाव पुणेकरांच्या चांगल्या परिचयाचा आहे. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांच्या काळात या तलावाचे पाणी भूमिगत नळातून शहराच्या पेठांतील हौदांपर्यंत नेण्यात आले. उताराच्या जोरावर पाणी आपोआप वाहत जाई. दररोज कोणी ते सोडावे लागत नसे. या सोयीची दुसरी बाजूही होती. आपोआप वाहणारे पाणी ज्या दिवशी नको असेल, त्या दिवशी ते आधी जाऊन अडवावे लागते. हौद भरून वाहू लागल्यावर केलेली धावपळ गेलेले पाणी परत आणीत नाही.

बँकेतील खात्यातून ठरलेल्या दिवशी परस्पर होणाऱ्या वजावटीचे स्वरूप असेच आहे. कर्जाचा हप्ता, विम्याचा हप्ता, निवृत्तिवेतन योजनेची वर्गणी, विजेचे देयक, दूरध्वनीचे शुल्क, मासिक गुंतवणूक अशा कितीतरी रकमा आज खातेदाराने काहीही न करता त्याच्या खात्यातून वळत्या होतात. बँकेच्या दारात रांग लावण्याचा त्रास यामुळे वाचला, ही गोष्ट निर्विवाद आहे. तथापि, गरज संपल्यावरही चालू राहिलेली वजावट, घाईने चुकीच्या रीतीने बंद केलेली वजावट आणि पुरेशा शिलकेअभावी परत गेलेली वजावट या तिन्हींमुळे सामान्य कुटुंबाचे नुकसान होते. शिक्षक, ग्रामसेवक, पंचायत सदस्य यांच्याकडे लोक अशा वेळी सल्ल्यासाठी येतात. म्हणून या व्यवहाराची मूलतत्त्वे त्यांना ठाऊक असणे अगत्याचे आहे.

कात्रज परिसराचा प्रश्न

कात्रज हे एके काळी स्वतंत्र गाव होते; आज ते पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. लगतची मांगडेवाडी, भिलारेवाडी आणि गुजर निंबाळकरवाडी ही गावेही २०२१ मध्ये महानगरपालिकेत समाविष्ट झाली. गावाचे शहर होताना घरोघरीच्या बँक व्यवहाराचे रूप कसे पालटते, हे अशा भागात स्पष्ट दिसते. पूर्वी कुटुंबाचे एखादे खाते जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेत असे. मुलाला नोकरी लागली की मालकाच्या बँकेत वेतनाचे खाते उघडते. घरासाठी कर्ज घेतले की तिसऱ्या बँकेशी संबंध येतो. शासकीय अनुदानासाठी जन धन खाते निराळे. अशा रीतीने एका घरात पाच-सहा खाती होतात आणि कोणत्या खात्यातून कशाची वजावट होते याचा मेळ राहत नाही.

याच कात्रजमध्ये पुणे जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाची दुग्धशाळा आहे. सहकारी दूध व्यवसायाचे उदाहरण येथे मुद्दाम घेण्यासारखे आहे. गावातील दूध संस्था उत्पादकाला पशुखाद्य उधारीवर देते आणि त्याची किंमत दुधाच्या बिलातून कापून घेते, ही सहकारातील जुनी पद्धत होय. ही कपात रक्कम खात्यात जमा होण्यापूर्वीच होते. बँकेचा तिच्याशी संबंध नसतो. ती थांबवायची तर संस्थेकडेच जावे लागते. उलट, रक्कम खात्यात जमा झाल्यानंतर तेथून होणारी वजावट बँकेमार्फत होते. कोणतीही वजावट बंद करण्यापूर्वी ‘पैसे नेमके कोठे कापले जातात?’ हा पहिला प्रश्न विचारला पाहिजे, तो याच कारणासाठी.

वजावटीचे प्रकार

परस्पर वजावटीचे व्यवहारात चार मुख्य प्रकार आढळतात.

पहिला प्रकार वेतनातील कपातीचा. शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्या पतसंस्थेचा हप्ता पगारपत्रकातूनच कापला जातो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४९ मध्ये अशा कपातीची तरतूद आहे. सभासदाने दिलेल्या करारानुसार मालक वेतनातून संस्थेचे येणे कापून संस्थेकडे भरतो. संस्थेचे येणे बाकी असेपर्यंत केवळ सभासदाने नको म्हटल्याने ही कपात थांबत नाही. कर्ज फिटल्यावर मात्र संस्थेचा बेबाकी दाखला घेऊन तो आहरण व संवितरण अधिकाऱ्याकडे पुढील महिन्याचे वेतन देयक तयार होण्यापूर्वी सादर करावयाचा असतो.

दुसरा प्रकार स्थायी सूचनेचा. ‘दर महिन्याच्या अमुक तारखेस माझ्या बचत खात्यातून इतकी रक्कम आवर्त ठेवीत टाका’, अशी सूचना खातेदार स्वतःच्या बँकेला देतो. येथे सूचना देणारा आणि ती पाळणारी बँक असे दोनच पक्ष असतात. ती रद्द करण्यासाठी त्याच शाखेकडे अर्ज पुरेसा होतो.

तिसरा प्रकार मँडेटचा, म्हणजेच वजावटीच्या अनुमतिपत्राचा. कर्ज देणारी संस्था, विमा कंपनी किंवा म्युच्युअल फंड यांना खातेदार लेखी अथवा इलेक्ट्रॉनिक अनुमती देतो आणि ती संस्था त्याच्या आधारे दर महिन्याला पैसे मागते. पूर्वी हा व्यवहार ईसीएस या नावाने ओळखला जाई. पुढे राष्ट्रीय देयके निगमाने उभारलेल्या ‘नॅच’ या व्यवस्थेने त्याची जागा घेतली. येथे तीन पक्ष असतात : खातेदार, पैसे घेणारी संस्था आणि खातेदाराची बँक. अडचणी बहुधा याच प्रकारात उद्भवतात.

चौथा प्रकार कार्ड आणि यूपीआय यांवरील आवर्ती वजावटीचा. चलचित्रे पाहण्याची वर्गणी, मुलांच्या अभ्यासाचे ॲप, दूरध्वनीचे मासिक देयक अशा रकमा या मार्गाने कापल्या जातात. यूपीआयवर ही सोय जुलै २०२० मध्ये ‘ऑटोपे’ या नावाने सुरू झाली.

मँडेटच्या कागदावर काय असते

मँडेटचा नमुना बहुतेक खातेदार न वाचताच सही करून देतात. कर्जाच्या कागदांच्या गठ्ठ्यात तो एक कागद असतो आणि सहीच्या जागी फुली मारून ठेवलेली असते. वास्तविक हा छोटा कागद काळजीपूर्वक वाचण्याजोगा आहे.

त्यात रकमेसाठी ‘निश्चित रक्कम’ आणि ‘कमाल रक्कम’ असे दोन पर्याय असतात. कर्जाचा हप्ता ६,००० रुपयांचा असताना कमाल रकमेच्या रकान्यात त्याहून पुष्कळ मोठा आकडा लिहिलेला आढळू शकतो. व्याजदर वाढल्यास किंवा थकबाकी जमल्यास नवीन कागद घ्यावा लागू नये, हा त्यामागील हेतू असतो. परंतु तितक्या रकमेपर्यंत मागणी करण्याची अनुमती आपण दिली आहे, हे खातेदाराला माहीत असावे. वारंवारतेच्या रकान्यात मासिक, त्रैमासिक, सहामाही, वार्षिक आणि ‘मागणी होईल तेव्हा’ असे पर्याय असतात. मुदतीच्या रकान्यात आरंभ व अखेर यांच्या तारखा असतात. जुन्या नमुन्यांत ‘रद्द करेपर्यंत’ असाही पर्याय होता. ज्यांनी त्यापुढे खूण केली, त्यांची अनुमती कर्ज फिटल्यावर आपोआप संपली असे समजण्याचे कारण नाही.

सर्वांत महत्त्वाची ओळ नमुन्याच्या तळाशी असते. हे मँडेट रद्द करण्याचा किंवा त्यात बदल करण्याचा अधिकार आपणास आहे आणि त्यासाठी पैसे घेणारी संस्था अथवा आपली बँक यांना रीतसर कळवावयाचे आहे, अशा आशयाची ती ओळ आहे. म्हणजेच रद्द करण्याचा हक्क ही बँकेने करावयाची मेहरबानी नसून अनुमतिपत्राचाच भाग आहे. त्याच नमुन्यावर ‘नवीन’, ‘बदल’ आणि ‘रद्द’ अशा तीन चौकटी असतात. प्रत्येक नोंदलेल्या मँडेटला एक विशिष्ट संदर्भ क्रमांक मिळतो. त्याला यूएमआरएन म्हणतात. अर्जात हा क्रमांक लिहिल्यास एकाच संस्थेची दोन मँडेटे असतानाही गोंधळ होत नाही.

मँडेट रद्द होते, देणे रद्द होत नाही

या विषयातील सर्वांत मोठा गैरसमज येथे आहे. मँडेट हे पैसे चुकते करण्याचे केवळ साधन होय. ते रद्द केल्याने त्यामागील करार रद्द होत नाही. कर्जाचे मँडेट बंद केले तरी कर्ज आणि त्यावरील व्याज चालूच राहते. विम्याचे मँडेट बंद केले की हप्ता थकतो आणि सवलतीचा काळ संपल्यावर विमा खंडित होतो. एखाद्या सेवेची वर्गणी बँकेकडून थांबविली, पण सेवा बंद करण्याचे कळविले नाही, तर ती कंपनी थकबाकीची मागणी करू शकते.

याच्या उलटही घडते. सेवा बंद केल्याचे पत्र कंपनीला दिले, पण मँडेट तसेच राहिले, तर कंपनीच्या यंत्रणेतून मागणी येत राहते आणि बँक ती पुरी करीत राहते. बँकेसमोर फक्त वैध मँडेट असते. करार संपला की नाही, हे तिला दिसत नाही. म्हणून करार संपविणे आणि मँडेट संपविणे या दोन स्वतंत्र कृती आहेत, आणि दोन्ही केल्या पाहिजेत. आधी करार, मग मँडेट हा क्रम योग्य होय.

शिल्लक नसताना काय होते

काही खातेदार मँडेट रद्द करण्याऐवजी खात्यातील पैसे काढून घेतात. ‘खात्यात पैसेच नसतील, तर कापणार काय?’ असा त्यांचा विचार असतो. हा मार्ग घातक आहे.

मागणी शिलकेअभावी परत गेली की खातेदाराची बँक शुल्क आकारते आणि पैसे घेणारी संस्थाही आकारते. शुल्काचे दर बँकागणिक वेगळे आहेत. समजा, दोन्हीकडील शुल्क प्रत्येकी ५०० रुपये आहे. त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर धरल्यास प्रत्येकी ५९० रुपये होतात. म्हणजे एका हप्त्याच्या चुकण्यापायी १,१८० रुपये जातात आणि मूळ हप्ता शिल्लकच राहतो. तीच मागणी महिन्यात पुन्हा पाठविली गेली, तर हाच भुर्दंड पुन्हा बसू शकतो. शिवाय पतइतिहासात थकबाकीची नोंद होते आणि पुढील कर्जाच्या वेळी ती आडवी येते.

याहून गंभीर बाब कायद्याची आहे. न वटलेल्या धनादेशासाठी परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ चे कलम १३८ पुष्कळांना माहीत आहे. इलेक्ट्रॉनिक वजावटीलाही तशीच तरतूद लागू आहे, हे मात्र थोड्यांना ठाऊक असते. देयक व समझोता प्रणाली अधिनियम, २००७ च्या कलम २५ नुसार, कायदेशीर देणे चुकविण्यासाठी दिलेली इलेक्ट्रॉनिक हस्तांतरणाची सूचना शिलकेअभावी पुरी झाली नाही, तर तो अपराध ठरू शकतो. त्याला दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मात्र त्याआधी घेणेकऱ्याने बँकेकडून माहिती मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस दिली पाहिजे आणि नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत खातेदाराने रक्कम भरलेली नसली पाहिजे. तेव्हा अशी नोटीस आली तर ती बाजूला न ठेवता त्या १५ दिवसांत रक्कम भरणे किंवा कायद्याचा सल्ला घेणे हाच शहाणपणाचा मार्ग होय. हप्ता भरणे खरोखरच अशक्य झाले असेल, तर तारखेपूर्वीच कर्ज देणाऱ्या संस्थेशी लेखी बोलणे करून मुदत किंवा हप्त्याची पुनर्रचना मागावी.

वेळीच म्हणजे केव्हा?

वजावटीच्या आदल्या दिवशी सायंकाळी अर्ज देऊन उपयोग होत नाही. पैसे घेणारी संस्था आपल्या मागण्यांची यादी आधीच तयार करून बँकिंग व्यवस्थेत पाठविते. यादी एकदा रवाना झाली की त्या महिन्याची मागणी मागे घेणे कठीण असते. सुट्टीच्या दिवशी वजावट होत नाही, हा जुना अनुभवही आता लागू नाही. १ ऑगस्ट २०२१ पासून नॅच व्यवस्था आठवड्याचे सर्व दिवस चालू असते. रविवारी किंवा सणाच्या दिवशीही हप्ता कापला जातो, मात्र अर्ज स्वीकारणारी शाखा त्या दिवशी बंद असते.

कागदी मँडेटसाठी वजावटीच्या तारखेपूर्वी किमान १५ दिवस अर्ज देणे हिताचे आहे. हा कायद्यातील आकडा नव्हे. अर्जाची नोंद, तपासणी आणि चूक निघाल्यास दुसरी खेप एवढे सर्व त्यात बसावे, इतकीच त्यामागील दृष्टी आहे. दरमहा ५ तारखेस हप्ता कापला जात असेल, तर आधीच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत अर्ज पोहोचावा. म्युच्युअल फंडाच्या मासिक गुंतवणुकीबाबत १ डिसेंबर २०२४ पासून रद्द करण्याच्या विनंतीवर दोन कामकाजाच्या दिवसांत कार्यवाही करण्याचा दंडक आहे.

कार्ड, प्रीपेड साधने आणि यूपीआय यांवरील आवर्ती वजावटींना रिझर्व्ह बँकेच्या नियमांचे संरक्षण लाभले आहे. २१ ऑगस्ट २०१९ च्या परिपत्रकाने या नियमांचा पाया घातला गेला आणि १ ऑक्टोबर २०२१ पासून ते काटेकोरपणे अमलात आले. त्यानुसार वजावटीपूर्वी किमान २४ तास खातेदाराला सूचना पाठवावी लागते. पैसे कोण घेणार, किती घेणार आणि केव्हा घेणार, हे त्या सूचनेत असते. ती मिळाल्यावर खातेदार तेवढी एक वजावट नाकारू शकतो किंवा संपूर्ण मँडेटच मागे घेऊ शकतो. फास्टॅगच्या आपोआप भरण्यासारख्या काही बाबींना या पूर्वसूचनेतून २०२४ मध्ये सूट देण्यात आली. यूपीआयवरील मँडेट ॲपमधील ऑटोपेच्या यादीत दिसते आणि आपला पिन देऊन ते तेथूनच रद्द करता येते. कोणी दूरध्वनी करून ‘तुमचे मँडेट रद्द करून देतो, पिन सांगा’ असे म्हणाल्यास तो फसविणारा समजावा. पिन किंवा ओटीपी कोणालाही सांगण्याची कधीच गरज नसते.

ही २४ तासांची पूर्वसूचना कर्जाच्या कागदी मँडेटसाठी गृहीत धरू नये. संदेश येईल, मग बघू, अशा भरवशावर तेथे राहणे योग्य नाही.

विमा योजनांची दुहेरी वजावट

ग्रामीण व निमशहरी भागात सर्वाधिक खात्यांना स्पर्श करणारी वजावट केंद्र शासनाच्या विमा योजनांची आहे. प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना आणि प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना ९ मे २०१५ रोजी सुरू झाल्या. पहिलीत कोणत्याही कारणाने मृत्यू आल्यास आणि दुसरीत अपघाती मृत्यू आल्यास वारसाला २ लाख रुपये मिळतात. १ जून २०२२ पासून त्यांचे वार्षिक हप्ते अनुक्रमे ४३६ रुपये आणि २० रुपये झाले. विम्याचे वर्ष १ जून ते ३१ मे असे असते आणि नूतनीकरणाचा हप्ता मे महिन्याच्या अखेरीस खात्यातून परस्पर कापला जातो.

एका व्यक्तीला प्रत्येक योजनेत एकाच खात्यामार्फत सहभागी होता येते. तीन बँकांतील तीन खात्यांतून हप्ता गेला, तरी संरक्षण २ लाखांचेच राहते आणि जादा भरलेले हप्ते जप्त होऊ शकतात. समजा, कात्रजमधील एका कामगाराची तीन खाती आहेत आणि तिन्ही ठिकाणी त्याने वेगवेगळ्या वेळी दोन्ही योजनांच्या अर्जावर सही केली आहे. एका खात्याचे ४५६ रुपये धरले, तर तीन खात्यांतून वर्षाला १,३६८ रुपये जातात. त्यांपैकी ९१२ रुपये निरुपयोगी असतात. पाच वर्षांत हा आकडा ४,५६० रुपयांवर जातो. रोजंदारीवर जगणाऱ्या घरात ही रक्कम लहान नाही.

तथापि, येथे घाईही करू नये. सगळ्याच खात्यांतील वजावट बंद केली, तर संरक्षणच संपुष्टात येते. प्रथम एक खाते निश्चित करावे. ज्यात नियमित पैसे जमा होतात आणि ज्यात वारसाचे नाव नोंदलेले आहे, असे खाते त्यासाठी योग्य. त्या खात्यात मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यापासून पुरेशी शिल्लक ठेवावी. इतर खात्यांच्या शाखांना एप्रिल अखेरीपर्यंत लेखी अर्ज देऊन नूतनीकरण थांबवावे. जीवन ज्योती योजनेत खंड पडून पुन्हा प्रवेश घेतल्यास पहिल्या ३० दिवसांत अपघाताखेरीज अन्य कारणाने आलेल्या मृत्यूचा दावा मिळत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

अटल पेन्शन योजनेची गोष्ट निराळी आहे. तिची वर्गणी चुकल्यास दर १०० रुपयांमागे महिन्याला एक रुपया या दराने विलंब आकार लागतो. खाते बदलायचे असेल, तर जुने खाते बंद करण्यापूर्वी योजनेची वजावट नव्या खात्याकडे वळवून घ्यावी.

या नोंदींचा आणखी एक उपयोग आहे. कुटुंबातील कमावत्या व्यक्तीचा मृत्यू झाल्यावर तिच्या पासबुकात ४३६ किंवा २० रुपयांची वजावट शोधावी. ती नोंद असेल, तर वारसाने विलंब न लावता त्याच शाखेकडे दावा दाखल करावा. मागे राहिलेल्या विधवेला त्या एका ओळीची माहिती नसल्याने २ लाख रुपयांचा हक्क तसाच पडून राहणे ही खेदाची गोष्ट होय. मृत्यूची सूचना बँकेला दिल्याने त्या खात्यातील इतर वजावटीही थांबतात.

अर्ज कसा करावा

वजावट थांबविण्याच्या अर्जाला लांबलचक मजकुराची आवश्यकता नाही. पुढील नमुना उपयोगी पडेल.

“प्रति, शाखा व्यवस्थापक, ........ बँक, ........ शाखा.
विषय : खात्यातील वजावटीचे मँडेट रद्द करण्याबाबत.
महोदय, माझ्या बचत खाते क्रमांक ........ मधून ........ या संस्थेच्या नावे दरमहा ........ तारखेस ........ रुपयांची वजावट होते. मँडेटचा संदर्भ क्रमांक ........ असा आहे. सदर संस्थेशी असलेला माझा व्यवहार दिनांक ........ रोजी संपुष्टात आला असून त्याचा दाखला सोबत जोडला आहे. तरी हे मँडेट दिनांक ........ पासून रद्द करावे, त्यानंतर आलेली मागणी पुरी करू नये आणि रद्द केल्याचे मला लेखी कळवावे, ही विनंती. आपला, ........”

अर्जाच्या दोन प्रती कराव्यात. एक शाखेत द्यावी आणि दुसरीवर तारखेसह पोच घ्यावी. असाच अर्ज पैसे घेणाऱ्या संस्थेलाही द्यावा. कर्ज फिटले असल्यास संस्थेकडून बेबाकी दाखला आणि मूळ कागदपत्रे मागून घ्यावीत. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशानुसार, १ डिसेंबर २०२३ पासून कर्जाची पूर्ण परतफेड झाल्यावर तारण मालमत्तेची मूळ कागदपत्रे ३० दिवसांत परत करणे बंधनकारक आहे. संस्थेच्या दोषामुळे विलंब झाल्यास दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. मँडेट रद्द झाल्याची खात्री याच वेळी करून घेणे सोयीचे ठरते.

पुढील दोन महिने पासबुक भरून पाहावे. अर्जाची पोच मिळाली म्हणजे काम संपले असे नव्हे. ठरलेली तारीख कोरी गेली, म्हणजे काम संपले.

तरीही पैसे कापले गेले तर

रद्द केलेल्या मँडेटवर वजावट झाली किंवा कधीच न दिलेल्या अनुमतीवर पैसे गेले, तर त्याच दिवशी बँकेला लेखी कळवावे. अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारांबाबत रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये काढलेल्या परिपत्रकाने तत्परतेला मोठे महत्त्व दिले. खातेदाराचा आणि बँकेचा दोष नसताना त्रयस्थामुळे नुकसान झाले असेल, तर बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तक्रार करणाऱ्यावर नुकसानीचा भार पडत नाही, असे तत्त्व त्यात घालून देण्यात आले. दिरंगाई झाली की हा भार वाढत जातो.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर समाधानकारक वाटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागता येते. १२ नोव्हेंबर २०२१ रोजी निरनिराळ्या लोकपाल योजनांचे एकत्रीकरण झाले. तक्रारीसाठी शुल्क नाही आणि वकिलाचीही गरज नाही. मार्गदर्शनासाठी १४४४८ हा निःशुल्क क्रमांक आहे. पोच घेतलेली अर्जाची प्रत, पासबुकाची झेरॉक्स आणि बँकेचे उत्तर एवढे कागद तक्रारीला पुरतात. पोच नसेल, तर मात्र खरी तक्रारही दुबळी पडते.

गावपातळीवर काय करता येईल

या कामी मोठ्या योजनेची वा निधीची आवश्यकता नाही. शाळेतील शिक्षकाने वरच्या वर्गातील मुलांना एक साधा तक्ता करावयास सांगावे. खात्याचे नाव, वजावटीचे कारण, रक्कम, तारीख आणि मुदत असे पाच रकाने पुरेत. मुलांनी घरची पासबुके पालकांसमवेत वाचून तक्ता भरावा. मात्र तो शाळेत आणू नये, घरीच ठेवावा. खाते क्रमांक आणि शिल्लक ही कुटुंबाची खासगी बाब आहे. टक्केवारीचा धडा यातून जितका चांगला शिकविता येईल, तितका फळ्यावर क्वचितच शिकविता येईल. दरमहा १९९ रुपयांची विसरलेली वर्गणी वर्षाला २,३८८ रुपये होते, हे मुलाने स्वतः मांडलेले गणित घरातील मोठ्यांच्याही लक्षात राहते.

ग्रामपंचायतीने एप्रिल महिन्यातील सभेत विमा योजनांच्या नूतनीकरणाची तारीख वाचून दाखवावी आणि बँकमित्राला बोलावून एकाहून अधिक खात्यांतील वजावटीचे अर्ज भरून घ्यावेत. शहरात आलेल्या गावांत आता ग्रामसभा नाही. तेथे हेच काम महिला बचत गट, गृहरचना संस्था आणि शाळांच्या पालक सभा करू शकतात. कार्यालय प्रमुखांनी बदली होऊन जाणाऱ्या कर्मचाऱ्याला कार्यमुक्त करताना एक आठवण द्यावी : वेतनाचे खाते बदलणार असेल, तर जुन्या खात्यावरील हप्ते नव्या खात्याकडे वळविल्याशिवाय जुने खाते रिकामे करू नये.

आपल्या खात्यातून पैसे घेण्याची अनुमती खातेदार स्वतःच्या सहीने देतो. ती परत घेण्याचा अधिकारही त्याच्याच सहीत असतो. फक्त ती सही ठरलेल्या तारखेच्या आधी, योग्य कागदावर आणि पोच घेऊन झाली पाहिजे.